मल्लिगेचा कोपरा

थांबा — थांबा की अण्णा, गाडीला किल्ली नका लावू, मागे फिरा. ती पिशवी इकडे द्या. हो, मीच दिली, मीच वरच्या फळीवरनं काढून दिली, तरी द्या. तुमचे पैसे हे घ्या परत. आणि ते खोकं उन्हात टाकीवर ठेवू नका, आत जीव आहे — आणा, इथं काउंटरवर ठेवा. बसा. स्टूल आहे की. नाही, बदलून देत नाही लगेच, आधी ऐका. ही जी पिशवी घेऊन तुम्ही निघाला होता ना, हे मांजराचं लिटर आहे. लिटर म्हणजे जनावरानं घरात जिथं मुतावं-हगावं त्या ट्रेमध्ये टाकायची माती. वर मांजराचं एवढं चित्र आहे, तुम्ही बघितलंच नाही, तुम्हाला वाटलं शिकलेली पोरगी देतेय म्हणजे बरोबरच असणार. आता बघा — हा एक डाव माती या झाकणात घेते, वर बाटलीतलं पाणी. एवढंच. बोट लावा. लावा की, घाबरता काय. दगड झाला ना? फुगते आणि घट्ट होते ही. मांजराला चालतं, मांजर ट्रेमधलं काही खात नाही. ससा खातो. ससा जिथं बसून लेंड्या टाकतो तिथंच बसून चरतो, ती त्याची रीत आहे. ही माती पोटात गेली की आतड्यात असाच गोळा. मग तो कोपऱ्यात पाठ करून बसतो, दात खातो, ओरडत नाही — ससा ओरडत नाही — आणि दोन-तीन दिवसांनी सकाळी बघावं तर ताठ. मग मी का दिली? कारण मला तो मरायला हवा होता. सोमवारच्या आत. आता तोंडातनं गेलंच आहे तर गेलं. बोलायचं नव्हतं. तुम्हाला पिशवी द्यायची, तुमच्या बैठकीतल्या रुद्रप्पा काकांना पाठवायला खोक्यातल्या सशाचा फोटो काढायचा आणि गप बसायचं, असं ठरवलं होतं. खोक्यात डोकावूनही बघितलं नाही मी, बघवलं नसतं. आणि तुम्ही फोटो विसरून निघालात, आणि तुमची गाडी सुरू होण्याआधी मीच हाक मारली.

ओळखते मी तुम्हाला. नाव सांगायची गरज नाही. शरणबसव, अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना, घरी आई शांतम्मा, आणि बायको शिवलीला दीड महिना होत आला माहेरी मंद्रूपला. तुम्ही या दुकानाची पायरी आज पहिल्यांदा चढलात, पण शिवलीला अक्का तीन वर्षं येतात की. मी नुकतं झूलॉजीत एम.एस्सी. करून दुकान टाकलं होतं, घरचे म्हणत होते कुत्र्या-मांजरांचं खाणं विकायला शिकलीस का, आणि अक्का माझ्या पहिल्या गिऱ्हाईकांपैकी. पांढरी सशीण घेऊन गेल्या, नाव ठेवलं मल्लिगे, म्हणजे कानडीत मोगरा — तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुमचीच भाषा — आणि आठवड्यात परत आल्या. म्हणाल्या, अंकिता, असं काही दे की वास येणार नाही. सगळेच विचारतात ते. पण अक्कांचा गाल सुजलेला होता. मी विचारलं, आणि त्यांनी दाढ दुखतेय वगैरे काही सांगितलं नाही, सरळ सांगितलं. ट्रेमध्ये वर्तमानपत्र अंथरलं होतं. तुम्ही जेवायला घरी आलात, ओल्या कागदाचा वास आला. तो कागद उचलून तुम्ही त्यांच्या तोंडावर घासला, नाकात जाईपर्यंत घासला, आणि मग हात चालवला. खाली काय बघताय? वर बघा. मी काही तुमची आई नाही, तुमचं तोंड बघून पाघळायला.

मग आम्ही लिटर बदललं. आम्ही म्हणजे मी आणि अक्का. मी म्हटलं वखारीतला लाकडाचा भुसा घालू, वास ओढून घेतो. घातला. मल्लिगे शिंकायला लागली, उकरून उकरून भुसा घरभर केला, शांतम्मांच्या पूजेच्या ताटात गेला. त्या दिवशी अक्कांचा हात दारात होता आणि तुम्ही दार लोटलं. लोटून थांबला नाहीत, दाबून धरलं. प्लास्टर घालून आल्या होत्या इथं, डाव्या हातानं पिशवी उचलत होत्या. मग तुम्हीच एक पोतं आणलंत कारखान्यातनं. आठवतं का? मागाखाली साठते ती टॉवेलची रुई. मऊ, पाणी पिणारी, फुकटची — मागवाल्यांच्या घरात सगळ्यालाच रुई लागते, उशीत रुई, पुसायला रुई, तेव्हा सशालाही रुई. अक्का किती खूश होत्या माहिती आहे? म्हणाल्या, लग्न झाल्यापासून माझ्यासाठी आपणहून आणलेली पहिली वस्तू. आणि मी बघितलं तर मल्लिगेच्या तोंडातनं निळा दोरा लोंबतोय. रुईतले दोरे गिळत होती ती. ते आतड्याला सुरीसारखे कापतात अण्णा. डॉक्टरांकडे नेली, वाचली. अक्कांनी पोतं टाकून दिलं, आणि मी आणलेलं टाकतेस म्हणून तुम्ही कमरेचा पट्टा काढलात. पाठ मला त्यांनी दाखवली नाही, पण महिनाभर या स्टुलावर टेकून बसल्या नाहीत त्या.

शेवटी हे मिळालं — हे बघा, खालच्या फळीवरचं — कागदाच्या लगद्याच्या गोळ्या. धूळ नाही, खाल्ल्या तरी विरघळून जातात, मुताचा वास आत ओढतात. वर मूठभर वाळलं गवत. एवढं साधं. मी तर नाचलेच दुकानात. तुमच्या घरात वास राहिला नाही. कोपरा न् कोपरा हुंगून बघितला असतात तरी सापडला नसता. आणि त्याच आठवड्यात अक्कांचा ओठ फाटला. कशावरनं तर आमटी गरम नव्हती. हसू नका — हसला नाहीत? बरं, मला वाटलं हसलात. आम्हाला प्रयोगशाळेत काय शिकवतात सांगू का, एका गोष्टीचं कारण शोधायचं असेल तर एकेक गोष्ट काढून टाकत जायची. कागद काढला, भुसा काढला, रुई काढली, वास काढला. सगळं काढून झालं आणि मार तेवढा उरला. अक्का त्या दिवशी इथं उभ्या होत्या, ओठावर पदर धरून, आणि मला म्हणाल्या — “अंकिता, वास सशाचा नव्हताच.”

त्याच्यानंतर त्या गेल्या. अंगावरच्या साडीवर गेल्या. मल्लिगेला घ्यायला आत वळल्या तर तुम्ही दारात आडवे. तुझी तू जा, सशाला हात लावायचा नाही, तो माझ्या घरातला. मी ऐकलं तेव्हा माझं डोकं फुटायची पाळी आली. बायको निघाली तर तिच्या जिवाला लागेल असं एकच घरात होतं, तेवढं बरोबर कळलं तुम्हाला. आणि मग मंद्रूपला बैठक बसली तुमच्या समाजातल्या वडीलधाऱ्यांची, आणि रुद्रप्पा काका अक्कांना म्हणाले, “काय गं, सशापायी संसार मोडतीस व्हय?” पट्ट्याचं कोणी बोलेना, दाराचं कोणी बोलेना. अक्कांचे वडील पण गप. लोक थकतात हो, पोरगी घरी येऊन बसली की दहा दिवसांत थकतात. सगळे म्हणायला लागले, काहीतरी अट घाल, पण जा. तेव्हा अक्कांनी घातली. महिनाभर त्यांना मल्लिगेला सांभाळू दे. तिच्यावर हात न टाकता. महिन्यानंतर ती जिवंत, आपल्या कोपऱ्यात बसलेली दिसली की मी येते. सगळी बैठक खो-खो हसली म्हणे. काकांनी मांडीवर थाप मारली, ठरलं म्हणाले, सोमवार धरून ठरलं. आणि मध्यस्थ म्हणून या दुकानाचं नाव घेतलं, ससा तिथनं घेतलाय ना, मग ती पोरगीच फोटो पाठवेल. तुम्ही आज खोकं घेऊन आलात ते त्यासाठी. नाहीतर तुम्ही कशाला येता.

मला राग अक्कांचाही येतो. येतोच. असली अट घालतं का कोणी? महिनाभर हात आवरला म्हणजे काय, मांजरसुद्धा महिनाभर दबा धरून बसतं. मी फोनवर भांडले त्यांच्याशी, म्हटलं पोलिसांत चला, कोर्टात चला, मी येते, माझ्या मैत्रिणी येतील, आम्ही कॉलेजात एवढे मोर्चे काढले ते काय फोटोसाठी? त्या ऐकून घेतात आणि म्हणतात, तू लहान आहेस. आणि काल काय सांगावं त्यांनी? म्हणाल्या, ते येतील, त्यांना बरोबर लिटर दे. फसवू नको. मी खरी अट घातली आहे. म्हणजे बघा, तुम्हाला पास करायला पेपर फोडायला सांगत होत्या त्या मला. कुठंतरी आशा आहे त्यांना. तुमच्यावर. मला ते सहन होईना. मी रात्रभर — नाही, जाऊ दे. मी दुसऱ्या वर्षाला असताना घरात भांडून मटण सोडलं होतं, बकऱ्याचे डोळे आठवतात म्हणून. तीच मी आज मांजराची माती काढली आणि तुमच्या हातात दिली. हिशोब केला, एक सशीण की एक बाई. वर्गात कोणी असा प्रश्न टाकला असता तर मी हात वर करून बाई म्हटलं असतं. पण मल्लिगे माझ्या हातात मावायची तेव्हा मी तिला तीन वेळा दुधाची बाटली लावलेली आहे. झालं नाही माझ्याच्यानं. जिंकलात तुम्ही. घ्या, हे कागदाचं न्या. तळाला दोन बोटं थर द्यायचा, वर गवत, गवत ट्रेच्या एका बाजूला. रोज ओलं तेवढं काढायचं. सगळं धुऊन काढायचं नाही, थोडं जुनं ठेवायचं, तिला तिचा वास लागतो.

काय म्हणालात? कुठलं घातलं तर ट्रेमध्येच बसेल? कुठलंही घाला, बसतेच की ती ट्रेमध्ये. — नाही बसत? मग कुठं बसते? खाटेखाली. दारात. आईच्या पाटावर. घरभर. म्हणून दुसरं चांगलं लिटर पाहिजे, सोमवारी मंडळी बघायला येतील आणि हा घरभर मुतत असेल तर बरं दिसणार नाही. हो, बरं नाही दिसणार. कधीपासून आहे हे? पहिल्यापासून की आत्ता? आत्ता, आठ दिवसांपासून. थांबा. मला जरा समजू दे. मल्लिगे घरभर? अण्णा, मल्लिगेचा कोपरा शिलाई मशीनच्या बाजूचा. शांतम्मांनी एकदा ट्रे उचलून गच्चीत ठेवला होता तर ती दिवसभर त्या मोकळ्या कोपऱ्यात बसून राहिली, पोट फुगलं तिचं, पण फरशीवर एक थेंब टाकला नाही. ट्रे परत आणला तेव्हा त्यात मोकळी झाली. एकदा लागलेला कोपरा असा आठ दिवसांत विसरत नाही मादी. आजारी असेल तर सुटतं. आजारी आहे का? बघू दे. सरका. हात काढा खोक्यावरचा. म्हटलं ना हात काढा.

पांढरा आहे. डोळे लाल आहेत. कान बरोबर आहेत. फोटोत कुणालाही पटलं असतं. उताणा करते — ये बाळा, भिऊ नको, तुला नाही काही करत कोणी. हा नर आहे. आणि अजून पुरता वाढलेला पण नाही, वयात येतोय, म्हणून घरभर मुतत फिरतोय, जागा धरतोय आपली. याला कोपरा माहितीच नाही. याला कोणी शिकवलेलंच नाही. बाजारातनं आणलास ना? पांढरा बघून. पांढरा ससा म्हणजे पांढरा ससा.

मल्लिगे कुठंय?

नाही, मी आता तुला अहो-जाहो करणार नाही. मल्लिगे कुठंय ते सांग. पडली म्हणू नकोस. ससा पडून मरत नाही असा. काय? चावली म्हणून. तू ट्रे लाथेनं सरकवलास, ती मध्ये आली, तू कानाला धरून उचललीस, ती चावली. मग? हात झटकला. झटकला की आपटली? कशावर आपटली? लोखंडावर? घरात कसलं लोखंड, तशीच उचलून कारखान्यात घेऊन गेला होतास का? बोल की, मघाशी कोपऱ्याचं विचारताना बरा बोलत होतास. मागावर. चालत्या मागाच्या लोखंडावर. किती वेळा? भिंत पुसून घेतली म्हणतोस, पण एकदा हात झटकला म्हणून रक्त भिंतीवर उडत नाही, किती वेळा? बरं, नको सांगू. एवढंच सांग, ओरडली का ती? मी मघाशी म्हटलं ससा ओरडत नाही, ते अर्धंच खरं आहे. जिवावर बेततं तेव्हा ओरडतो. बारक्या पोरासारखा ओरडतो. ऐकलंस ना? तोंड सांगतंय तुझं की ऐकलंस. माग चालू असताना ऐकू आलं म्हणजे केवढ्यानं ओरडली असेल. आणि तू ते ऐकून हात धुतलास आणि बाजारात गेलास दुसरा बघायला. आणि तो घेऊन इथं आलास, माझ्याकडनं फोटो काढून घ्यायला. मी काढला असता. मान फिरवून काढला असता, आणि अक्का सोमवारी मंद्रूपहून निघाल्या असत्या, पहिली त्या शिलाई मशीनपाशी गेल्या असत्या, खाली वाकल्या असत्या. आणि त्यांना कळलं असतं. एका बघण्यात कळलं असतं. दार आतून लावलेलं असताना कळलं असतं. चावली म्हणून सशीण मागावर आपटतोस, मग कळलं म्हणून बाईला काय करणार होतास? मला सांग ना, मागावरच नेणार होतास का?

तिकडं कुठं चाललास. शटर सोड. शटर वर ठेव म्हणते ना. ससा इथंच राहील, खोक्याला हात लावायचा नाही, हा माझ्या दुकानातनं आता कुठंच जात नाही. दुपारची गल्ली मोकळी आहे ते मलाही दिसतंय. अर्धं ओढलंस? ओढ पूर्ण, ओढ, मग काय करशील? मी शिवलीला नाही. माझी आमटी थंड झालेली नाही, माझ्या घरात वास नाही, मला तुझ्या बैठकीनं कसली अट घातलेली नाही. काउंटरच्या आत यायचं नाही. हा माझ्या हातातला डाव बघितलास ना, लोखंडी आहे. मला तुझ्या तोंडात ही माती कोंबावीशी वाटतेय, वरनं पाणी ओतावं, आणि बसून बघावं दोन-तीन दिवस. मी अशी नव्हते. एक पाऊल पुढं आलास तर — आलास. मग हे घे. हे घे अजून. बस खाली. बस. डोळ्यांत गेली माती? जाऊ दे. चोळू नको. पाणी नको लावूस, मूर्खा, पाणी लावलंस की काय होतं ते स्वतःच्या बोटानं बघितलंयस. तसाच बस पापण्या मिटून. सुकीच झटक. डाव अजून हातातच आहे. शटर वर करते मी. समोरचा टेलर बघतोय आता आपल्याकडे, बरंच झालं. बघू दे.

फोन लावतेय. नाही, पोलिसांना नंतर. गप बस. — अक्का? मी अंकिता. हो, आलेत. इथंच आहेत, समोर, खाली बसलेत. नाही हो, मी शिव्या नाही दिल्या. दिल्या थोड्या. कुठलं दिलं म्हणता? कागदाचंच काढलं होतं, तुम्ही सांगितलं तेच — पण दिलं नाही. अक्का, ऐका माझं, सोमवारी यायचं नाही. बॅग भरली असेल तर सोडा. रुद्रप्पा काकांना इकडं पाठवा, मी त्यांना हातात देऊन दाखवते नर कसा ओळखायचा ते. कुणाचं काय, सांगते ना. — तू ऊठ आता, दार त्या बाजूला आहे, भिंत धरून जा, आणि गाडी ढकलत ने. निघ. — तुम्हाला नाही हो अक्का. फोटो? नाही, फोटो नाही काढला. हो, मल्लिगेचंच सांगतेय. तुम्ही उभ्या आहात का? आधी बसा. कुठंही, पायरीवर बसा. बसलात?